अब्बांच्या मातीला न आलेल्या माझ्या भावास

भाई, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. चाळिसाव्याला अजून तीन आठवडे आहेत, आणि तोवर तरी गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये असं सगळे सांगतात. मला तेवढा दम निघत नाही. अब्बा गेल्यावर बारा वर्षं तू होतास, तेव्हा मी तुझ्याशी धड भांडलो नाही, नुसते टोमणे मारले. आता भांडायला खरा मुद्दा सापडला, तर तू जागेवर नाहीस. ही तुझी जुनी रीत. ऐनवेळी गैरहजर.

मराठीत लिहितोय म्हणून हसू नकोस. घरात आपण दखनी बोललो, पण भांडलो कायम मराठीत. अम्मी निजामाबादकडची; भरभर बोललेलं मराठी तिला कळायचं नाही, म्हणून ती मधे पडायची नाही. ती सवय राहिली. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवूनच माझं पोट चाललंय. अब्बांचं काम पत्र्याचं; माझ्या हातून त्यांनी पत्र्याची कात्री काढून घेतली तेव्हा म्हणाले होते, "ह्याला शाळेत घाला, ह्याची रेघ फक्त कागदावर सरळ येती." तुझी पत्र्यावर यायची. तू त्या रेघेवरून चालत थेट हैदराबादला गेलास.

कुरुंद्यात तुझं नाव रॉकेटवाला. सरकारी प्रयोगशाळेत पत्रा कापतो, एवढंच तू कबूल करायचास. बाकीचं मी रचायचो. गावातल्या एकाही लग्नात मी तुला सोडलं नाही. "आमच्या भाईनं एक रॉकेट केलं, त्याला पत्ता दिला वसमतचा. ते गेलं नांदेडला. तिथं च्या पिलं, पान खाल्लं आणि लोकांना विचारून राहिलं, वसमत कुठंशी आलं हो?" मंडपात हशा व्हायचा. तू कोपऱ्यात बसून मान खाली घालून हसायचास, आणि मला वाटायचं, काय माझा हा भाऊ, किती मोठ्या मनाचा. आता वाटतं, एकदा तरी उठून माझी गचांडी धरायची होतीस.

तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन परत आलास, माझ्या मागच्या खोलीत राहिलास. तेव्हा ओट्यावर बसून पहिल्यांदा तू मला समजावलंस की तू आयुष्यभर काय केलंस. वर्तमानपत्रात सगळं छापून आलंच होतं, तरी तू इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतलास.

"सल्या, तू ज्याला रॉकेट म्हणतो ना, तो गोफणीतला दगड. सुटला की सुटला. आमचं तसं न्हाई. आमचं पाखरू हाय. क्रूझ म्हणतात त्याला. आधी मागून धक्का देऊन वर ढकलायचं. मग ते धक्का देणारं नळकांडं गळून पडतं, पोटात मिटलेले पंख उघडतात, बारकं इंजिन चालू होतं. मग ते इमानासारखं जातं, पण खालून. टेकडी आली की वर, उतार आला की खाली. रस्ता सोताच शोधतं."

इतकं सलग तू कधी बोलला नव्हतास. डोळे लकाकत होते तुझे. आणि मी, गोष्टीवेल्हाळ, काय बोललो?

"रस्ता सोताच शोधतं व्हय? मग बनवणाऱ्याला कुरुंद्याचा रस्ता काहून सापडला न्हाई?"

तू चहा बशीत ओतलास. फुंकर मारलीस. "सुट्टी नव्हती," म्हणालास.

सुट्टी नव्हती. बारा वर्षांत जितक्यांदा विचारलं तितक्यांदा हेच.

तो दिवस तुला मी कधी नीट सांगितला नाही, कारण तू कधी नीट विचारला नाहीस. आता ऐक. अब्बा सकाळच्या नमाजानंतर गेले. मी तुझ्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, ते दूर समुद्राकडं आहेत, निरोप पोचवतो. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला, निरोप पोचला. आपल्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत हे तुला मी शिकवायला नको. दुपारच्या नमाजाला ठरलं होतं. मी म्हणालो, भाई येऊन राहिला, थोडं थांबा. कुणी सांगितलं होतं मला तू येऊन राहिलास म्हणून? कुणीच नाही. मीच रचलं. गोष्ट सांगायची सवय अशा वेळीही सुटत नाही. लोक थांबले. ऊन कललं. मशिदीतले म्हातारे कासमचाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, आता पुरे. त्यांला तकलीफ देऊ नका."

कब्रस्तानाच्या कुंपणाशी ज्ञानोबाकाका उभे होते. अब्बांनी हळद शिजवायचा पहिला बॉयलर त्यांच्याच शेतात बसवला होता. त्यांनी हळूच विचारलं, "इस्माईल न्हाई आला?" मी म्हणालो, "रस्त्यात हाय." अब्बांना कबरीत उतरवायला थोरला पाहिजे होता. थोरला नव्हता म्हणून मी पुढं झालो, माझा पाय घसरला, आणि अब्बांच्या आधी मीच कबरीत पोचलो. चार जणांनी मला वर ओढलं. तू असतास तर हसला असतास. तू असतास तर मी घसरलो नसतो.

तू चौथ्या दिवशी आलास. सोबत हैदराबादी बिस्किटांचा डबा. अब्बांच्या मातीला आला नाहीस आणि मला बिस्किटं आणलीस! ती मी खाल्ली, हे कबूल करतो. रडत रडत अख्खा डबा खाल्ला, आणि म्हणून तर राग जास्त.

यंदाच्या थंडीत तुझा दम वाढला. एका दुपारी तू खाटेवरून म्हणालास, "सल्या, अब्बांच्या एका बाजूला अम्मी हाय. दुसरी बाजू मोकळी हाय. माझी सोय तिथं कर." आणि मी म्हणालो,

"ज्यानं माती दिली न्हाई, त्याला शेजार कशाला?"

अरे, असं कुणी म्हणालं तर माणूस चप्पल काढतो. निदान तोंड फिरवतो. तू काय म्हणालास? "बराबर हाय." आणि डोळे मिटून घेतलेस, जणू मी परीक्षेत नेमकं उत्तर दिलं. त्या 'बराबर हाय'चा मला संताप येतो, भाई. आजही येतो. तुझ्या तोंडून एक शिवी निघाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

पुढचं म्हणजे हे. तू गेलास त्या सकाळी कबर खणणारा मला विचारायला आला, "सर, कुठं घ्यायची?" मी जन्माचा बडबड्या. त्या दिवशी तोंडातून शब्द काढला नाही. नुसतं बोट केलं. कुंपणाकडं, बाभळीखाली. अब्बांपासून जितकं लांब जाता येईल तितकं. लोकांनी एकमेकांकडं बघितलं, पण सरांनी बोट केलंय म्हटल्यावर कोण बोलणार? तुझ्या मातीला मी पहिली मूठ टाकली आणि मनात म्हणालो, घे, मी तरी हजर आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटराव आले. तुझ्यासोबत तीस वर्षं एका टेबलावर काम केलेले, देगलूरकडचे. गुडघे गेलेले, काठी टेकत आले. मी त्यांना कब्रस्तानात नेलं.

"अब्बाजींच्या बाजूला असेल ना?" त्यांनी फाटकातच विचारलं.

"तिथं जागा नव्हती," मी म्हणालो.

आम्ही अब्बांच्या कबरीजवळूनच पुढं गेलो. एका बाजूला अम्मी. दुसऱ्या बाजूला सपाट जमीन, तिच्यावर गवत. व्यंकटराव थांबले. काठी त्या गवतावर एकदा टेकवली आणि माझ्याकडं बघितलं. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा गावात नाही, पण इतक्या लवकर कधी पकडला गेलो नव्हतो.

मग मी सांगून टाकलं. तो मातीला आला नाही. सुट्टी नव्हती म्हणे.

"सुट्टी नव्हती?" व्यंकटराव म्हणाले. "असं कोण म्हणालं? साहेबांनी स्वतः सांगितलं, इस्माईल, जा. विमानाची सोय केली. गाडी फाटकावर उभी होती, सर. मी त्याची पिशवी ठेवली तिच्यात."

भाई, माझ्या कानांत जाळ झाला. बारा वर्षं तू माझ्याशी खोटं बोललास! मला सरकारचा राग होता, साहेबांचा होता, त्या समुद्राचा होता. तुझा राग मी त्यातून उरेल तेवढाच करायचो. आणि गाडी फाटकावर उभी होती?

ते कुंपणाच्या दगडावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ते पाखरू तेव्हा नुसतं प्रयोगातलं होतं. जमिनीवर, मांडणीला बांधून, पंख कितीदा तरी उघडून बघितले होते. हवेत खरोखर उघडायचे ते त्या दिवशी पहिल्यांदा. पंख ज्या खाचेत मिटतात तिचा पत्रा तुझ्या हातचा. सकाळी शेवटचं झाकण लावायच्या आधी तू अंगठा ओला करून खाचेतून फिरवलास. यंत्रानं तपासून झालं होतं, तरी फिरवलास. बारीकशी कूस, पत्र्याची बोचरी कड, लागली. कानशीनं घासलीस, पुन्हा अंगठा फिरवलास, झाकण लावलंस, कागदावर सही केलीस. आणि मग माझा निरोप आला.

"तो गाडीत बसला," व्यंकटराव म्हणाले. "दार लावलं. मी हात केला. गाडी हलायच्या आत दार उघडून खाली उतरला. मी म्हणालो, अरे काय करून राहिला? म्हणाला, पहिल्या वाफेला बनवणाऱ्यानं जागेवर राहावं लागतं. आम्ही म्हणालो, कुठली वाफ? इथं कुठं वाफ आहे? आम्हाला वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं."

त्यांना कळलं नाही. मला कळलं, आणि मी तिथंच गवतात बसलो.

हळदीचा नवा बॉयलर शेतात पहिल्यांदा पेटवायचे, तेव्हा अब्बा शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला, लेकरांना बांधाच्या पलीकडं पाठवायचे. स्वतः टाकीपासून हातभर अंतरावर उभे राहायचे. पहिली वाफ धरून पहिली हळद शिजून बाहेर पडेपर्यंत पाणी प्यायलासुद्धा हलायचे नाहीत. "पत्र्याची शिवण माझी हाय, फुटली तर आधी माझ्यावर फुटू दे." एकदा खरंच फुटली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली, आणि त्या हातावर माती लिंपत ते ज्ञानोबाकाकांना म्हणाले, "बरं झालं, मी उभा होतो." तू त्यांच्या मागं उभा असायचास. मी बांधावरून बघायचो. बांधावरून बघून नंतर तिखटमीठ लावून सांगायचं, हा माझा धंदा तेव्हापासूनचा.

तर हा तुझा नियम. अब्बांचा नियम पाळायला तू अब्बांना सोडलंस.

आणि मूर्खा, तुला तिथं हातभर अंतरावर कुणी उभं केलं होतं का? व्यंकटरावांनी सांगितलं, सगळ्यांना मैलोगणती लांब नेऊन एका खोलीत बसवलं होतं, समोर पडदा. तू त्या पडद्यापुढं उभा राहिलास. सगळे बसलेले, तू एकटा उभा. तुझ्या उभं राहण्यानं त्या पाखराला काय कळणार होतं? अब्बा टाकीजवळ उभे राहायचे, कारण भाजलं तर ते भाजणार होते. तुझं काय भाजणार होतं? मी तुला ओट्यावर एकदा विचारलं होतं, ते पडतं कुठं? तू म्हणालास, जिथं सांगितलं तिथं. मी विचारलं, तिथं कोण असतं? तेव्हा तू बशी उचलून आत गेलास. हे भांडण आपलं राहिलंय. अब्बांच्या शिवणीची आग आधी अब्बांवर यायची. तुझ्या पाखराची आग एखाद्या अशा माणसावर जाईल ज्याला बांधापलीकडं जा म्हणायला कुणी येणार नाही. तू म्हणाला असतास, ते पडायची वेळ येऊ नये म्हणूनच बनवतात. मी म्हणालो असतो, बॉयलर कुणी शोभेला ठेवतं का? तू उत्तर दिलं असतंस. काय दिलं असतंस ते मला सुचत नाही. तुझी बाजू मला रचता येत नाही, भाई. बाकी सगळं रचता येतं.

ते वर गेलं. मागचं नळकांडं गळालं. एक पंख उघडला. दुसरा अर्धा उघडून अडकला. पाखरू एका कुशीवर कललं, ठरलेली वाट सोडून जायला लागलं, तेव्हा साहेबांनी बटण दाबून त्याचे हवेतच तुकडे केले. समुद्रात पडले. दोन दिवस चौकशी चालली. कुठला पंख, कुणाची खाच, काही ठरलं नाही. तू मात्र ठरवून टाकलंस, व्यंकटराव म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुला सोडलं, आणि तू बिस्किटं घेऊन माझ्याकडं आलास.

मी त्यांना विचारलं, सकाळी निघाला असता तर पोचला असता का? ते म्हणाले, अवघड होतं, सर, रात्र झाली असती. मलाही भूगोल येतो. पण निघालेला माणूस आणि न निघालेला माणूस यात फरक आहे. तू निघालास एवढं कळलं असतं, तर मी कासमचाचांशी भांडलो असतो, गावाशी भांडलो असतो, पण अब्बांना थांबवलं असतं. मी 'रस्त्यात हाय' म्हणालो ते एकदा तरी खरं झालं असतं.

"पण त्यानं मला सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. "बारा वर्षं!"

व्यंकटराव म्हणाले, "मी विचारलं होतं. म्हणाला, धाकटा गोष्टी सांगतो. ही त्याला सांगितली तर तो मंडपात उभा राहून सांगंल, आणि लोक मला शाबास म्हणतील. बापाच्या मातीला गेलो न्हाई आणि हातचं कामही बुडालं. शाबासकी कशाची?"

म्हणजे चूक माझी! वा रे वा! मला तोंड आवरत नाही म्हणून तू बारा वर्षं माझे टोमणे गिळलेस, आणि तेवढी शिक्षा कमी पडली म्हणून शेवटी 'बराबर हाय' म्हणून माझ्याच बोटानं स्वतःला कुंपणापाशी पाठवलंस. मी नसती सांगितली, भाई. खरंच नसती सांगितली. आता चार पानं लिहून हे म्हणतोय, त्यामुळं तू विश्वास ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे.

शुक्रवारी इमामसाहेबांना गाठलं. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "सर, एकदा माती दिली की हलवता येत न्हाई. तुमी मनाला लावून घेऊ नका." मी म्हणालो, मी कुठं काय विचारलं? आणि घरी येऊन यासीनला, माझ्या मुलाला, चांगलं झापलं. कारण काहीच नव्हतं. तो समोर होता.

संध्याकाळी त्याला जवळ बसवून सांगितलं, "माझी वेळ आली की मला बाभळीखाली घ्या. तुझ्या मोठ्या अब्बांशेजारी, माझ्या भाईशेजारी."

"आन् दादाअब्बांच्या बाजूची जागा?" तो म्हणाला. "लोक विचारतील ना."

"ती राहू दे मोकळी."

"असं कसं, अब्बू? त्यांचे दोघंच तर लेकरं तुमी."

"त्यांनी केलेला नियम त्यांच्या लेकरानं पाळला, आणि त्यानं काय झालं ते त्यांनाही कळू दे," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या ओट्यावरचे लोक वळून बघायला लागले. बघ, तुझ्यावरचा राग उतरता उतरता मी गेलेल्या बापावर ओरडायला लागलो. यासीननं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाला, "बरं." तुझ्यावर गेलाय तो. कमी बोलतो.

काल फावडं घेऊन मी स्वतः गेलो. बाभळीचे काटे झाडले, तुझ्या बाजूची जमीन सारखी केली आणि माझी जागा वितीनं मोजून चार दगड ठेवले. लहानपणी एका गोधडीत झोपायचो तेव्हा तू पाय पसरून मला पार भिंतीला लावायचास, ते आठवलं म्हणून दोन विती जास्त धरल्या. तरी पुरायची नाही. मी आता जाड झालोय, आणि मला तुझ्याशी फार बोलायचंय. सरक तिकडं.